काजं डाव्या बाजूला

मास्तरांच्या दुकानाच्या पाटीवर तीन ओळी होत्या. पहिलीत कोट-पँट, दुसरीत गणवेश, आणि तिसरीत, सगळ्यांत ठळक अक्षरांत, 'लेडीज शिवत नाही'. ही तिसरी ओळ त्यांनी चाळीस वर्षांत दोनदा नव्याने रंगवून घेतली होती. स्वतःच्या बायकोचे कपडेसुद्धा ते शिवत नसत. मास्तरीणबाई मागच्या गल्लीतल्या शिवणवालीकडे जायच्या आणि येताना मुद्दाम दुकानासमोरून पिशवी हलवत यायच्या. "टेलरशी लग्न करून माझं हे असं," एवढं एक वाक्य त्या वर्षातून चार वेळा तरी टाकायच्याच.

त्यांच्या धाकट्या मुलाचं घरातलं नाव टिल्ल्या. जन्मला तेव्हा वीतभर होता म्हणून पडलं, आणि तो सहा फुटांचा झाला तरी उतरलं नाही. टिल्ल्या दिवसा एका चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी केसांचा टोप चढवून, गालांवर रंगाचे थर देऊन, 'झुंबर' व्हायचा. म्हणजे ड्रॅग क्वीन. बाईचा सगळा थाटमाट करायचा, बाईपेक्षा चार बोटं जास्तच बाई व्हायचं, आणि स्टेजवर उभं राहून गाणी म्हणता म्हणता समोरच्यांची यथेच्छ टर उडवायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणीही बोलत नव्हतं. मास्तर तर त्या दोन संध्याकाळी दुकानातले दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावत बसायचे. आधी लावलेलीच असायची.

मग टीव्हीवाल्यांनी ड्रॅग क्वीन लोकांची स्पर्धा काढली. अशी स्पर्धा आपल्याकडे कधी झालीच नव्हती, हा पहिलाच सीझन. बारा जण निवडले आणि त्यात झुंबर होती. टिल्ल्याने जेवताना सांगितलं तेव्हा मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्तरांनी मीठ मागितलं.

त्यानंतर आठवडाभराने टिल्ल्या दुपारी दुकानात आला. हातात कागद होता.

"अण्णा, अकरा फेऱ्यांचे कपडे माझे मी शिवतोय. एक मात्र मला झेपणार नाही."

"मग सोडून दे."

"चौथी फेरी आहे. 'हुबेहूब' नाव आहे तिचं. नाच नाही, विनोद नाही. फक्त समोर चालत यायचं आणि खरीखुरी बाई वाटायचं. परीक्षक भिंग घेऊन चुका शोधणार. मी डोक्यात एक मोठ्या घरची बाई धरलीय. गळ्यापासून पायापर्यंत कोट. मखमलीचा, बाटलीसारखा हिरवा. समोर बावीस बटणं." तो थांबला. "कोट आहे, अण्णा. कोट तुमच्याशिवाय कोण शिवणार?"

आता ही सरळसरळ लबाडी होती. मास्तरांना दुसऱ्या कुठल्याही शब्दाने हलवता आलं नसतं, पण कोट म्हटल्यावर त्यांचा नाइलाज होता. त्यांनी बराच वेळ कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"त्या कागदावर काय आहे?"

टिल्ल्याने कागद पुढे केला. प्रत्येक कपड्यासमोर शिवणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. खाली नियम होता: कपडा दुसऱ्याने शिवला असेल तर त्यातला दोष शिवणाऱ्याचा, स्पर्धकाचे गुण त्यासाठी कापायचे नाहीत. स्वतः शिवला असेल तर शाबासकीही स्वतःची आणि दोषही स्वतःचा.

"माझं नाव लिहायचं नाही," मास्तर म्हणाले. "कागदावर नाही, तोंडाने नाही, टीव्हीवर तर नाहीच नाही. शाळेचे गणवेश आहेत आपल्याकडे. मुख्याध्यापक काय म्हणतील? कुणी कितीही विचारलं तरी 'बापाने शिवला' हे शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नयेत. शब्द दे मला."

टिल्ल्या भांडेल असं त्यांना वाटलं होतं. भांडायचं ठरवूनच त्यांनी आवाज चढवला होता. पण तो नुसता "दिला," म्हणाला, आणि त्यांच्यासमोरच कोटासमोरच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून मोकळा झाला. मास्तरांना बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

माप घेण्याचा दिवस भलताच अवघड गेला. टिल्ल्याने कमरेला आणि छातीला फोमच्या गाद्या बांधल्या होत्या आणि तो आतल्या खोलीत हात पसरून उभा होता. मास्तरांनी हजारो छात्या मोजल्या असतील. या एकीपाशी टेप हातात धरून ते थबकले.

"अहो, तुमचाच मुलगा आहे तो," दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या. "चावणार नाही."

"तू जा गं आत."

पण एकदा कापड टेबलावर पसरलं आणि गडी कामाला लागला. दुपारी शटर अर्धं खाली ओढून मास्तर त्या कोटावर बसायचे. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला राहील असे त्यांनी तुकडे कापले. छातीत कॅनव्हास भरला, तो हाताने टाचला. खांदा तर असा बसवला की तो नुसता खुंटीवर टांगला तरी आत माणूस असल्यासारखा दिसावा. एरवी शिट्टी हा प्रकार त्यांना खपत नसे, आणि आता मास्तरीणबाईंना आतल्या खोलीतून शिट्टी ऐकू यायची. कच्च्या टाक्यांवर एकदा टिल्ल्याला घालून पाहिला, समोर टाचण्या लावल्या, दोघंही आरशात बघत राहिले. काजं शेवटी करायची असतात. ती मास्तरांनी एकट्याने बसून केली. बावीस काजं, हाताने, दोन दुपारी. मशीनचं काज त्यांना दात पडलेल्या तोंडासारखं वाटायचं.

कार्यक्रमाची गाडी आली, पेट्या सील करून घेऊन गेली, आणि त्याच गाडीतून टिल्ल्याही गेला. पाच आठवडे. फोन पहिल्याच दिवशी काढून घेणार होते.

चौथ्या दिवशी औषधांच्या दुकानातल्या बाई मास्तरांकडे आल्या. बाईंच्या दुकानात घालायच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवला होता. मास्तरांनी बोट दाखवून पाटी वाचायला लावली, बाई म्हणाल्या, "खिशाला काय लेडीज आणि काय जेंट्स!" त्या त्यांना अडीअडचणीला गोळ्या उधार द्यायच्या, त्यामुळे नाही म्हणवेना. खिसा शिवून झाला. घडी घालण्याआधी मास्तर बटणं लावायला लागले आणि त्यांची बोटं अडखळली. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा अडखळली. त्यांनी कोट समोर धरला. काजं उजव्या बाजूला होती, बटणं डावीकडे.

बायकांच्या कपड्यांना तशीच असतात. हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. शाळेत शिकलेली एखादी गोष्ट माहीत असते तसं माहीत होतं. पण चाळीस वर्षं हातांनी एकच गोष्ट केली होती. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे, डावी बाजू उजवीवर. हिरव्या मखमलीवर त्यांनी बावीसच्या बावीस काजं डाव्या बाजूला केली होती.

हुबेहूब बाई दिसायची फेरी, भिंग लावून बसलेले परीक्षक, आणि कोट समोरून पुरुषाचा. टिल्ल्याच्या लक्षात येईल, या आशेवर ते अर्धा मिनिट उभे राहिले. मग तीही आशा मावळली. पोरानं जन्मभर शर्टाची बटणं लावली होती. त्याची बोटं त्या काजांमधून पाण्यासारखी जाणार. त्या बोटांना शंका यायचं काही कारणच नव्हतं.

त्यांनी टिल्ल्याला फोन लावला. बंद. मग कार्यक्रमाच्या ऑफिसचा नंबर शोधून तिथे लावला. पलीकडे एक फार गोड बोलणारा माणूस होता.

"स्पर्धकांना बाहेरचा निरोप देता येत नाही हो. अगदी घरात कुणी गेलं असेल, तरच."

मास्तरांनी क्षणभर घरातल्या माणसांची मोजदाद केली. मेहुण्याचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. तसंही त्याचं कुणाला फार दुःख झालं नसतं.

"फक्त एवढंच सांगा, कोटाच्या बटणांची पट्टी बदल. बाकी काही नको."

"कपड्यांबद्दल तर मुळीच नाही. आपण कोण बोलताय? घरचे असाल तर मी वरच्यांना विचारून बघतो. सगळे फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा नाव आणि नातं सांगा."

एकच शब्द सांगायचा होता.

"शेजारी," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

यावरून त्यांनी स्वतःला नंतर किती शिव्या घातल्या याला गणती नाही. पण त्या वेळी तोंडातून तेच निघालं, आणि हे मास्तरीणबाईंना सांगायची त्यांची छाती झाली नाही.

पाच आठवड्यांनी टिल्ल्या परत आला. गाल बसलेले, भुवया अर्ध्या भादरलेल्या. कोण कधी बाहेर पडलं ते बाहेर कळू नये म्हणून सगळ्यांना शेवटपर्यंत तिथेच ठेवून घेतलं होतं, त्यामुळे तो आला त्यावरून काही अंदाज बांधायची सोय नव्हती. टीव्हीवर दिसेपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, अशी सही त्याने करून दिली होती. मास्तरीणबाईंनी पहिल्या दिवशी लाडीगोडी लावली, दुसऱ्या दिवशी रुसून पाहिलं, तिसऱ्या दिवशी जेवण वाढायला उशीर केला. पोरगं मूग गिळून बसलं ते बसलंच.

मास्तरांनी काही विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. ते रोज ठरवायचे, आज बोलू. टिल्ल्या चष्म्याच्या दुकानातून येऊन बूट काढायचा, ते त्याच्याकडे बघायचे, आणि "आज गर्दी होती का रे?" एवढंच निघायचं.

"होती, अण्णा."

तीन महिन्यांनी कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता.

पहिल्या भागात झुंबर आली ती डोक्यावर खरोखरचं झुंबर घालून, आणि दिवे गेले तर घाबरू नका म्हणाली. मास्तर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पेपर हलायला लागला तेव्हा मास्तरीणबाईंना कळलं की हा माणूस हसतोय. दुसऱ्या भागात तिने सूत्रसंचालकाची अशी काही फिरकी घेतली की बिचाऱ्याला पुढचं वाक्यच आठवेना. तिसऱ्या भागात ती पहिली आली. मास्तरांनी तोवर पेपर घेणं सोडून दिलं होतं.

आणि रस्त्यावर काय होईल याची जी धास्ती त्यांनी घेतली होती, तसलं काही झालं नाही. म्हणजे सुरुवातीला झालं. दोन टवाळ पोरांनी दुकानासमोर कंबर हलवून दाखवली. समोरच्या न्हाव्याने त्यांना वस्तरा दाखवून हाकललं, आणि मग तो स्वतः आत येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, त्या झुंबरबाईला एक विचारा ना. भुवया कशाने चिकटवते?" औषधवाल्या बाईंनी दुकानात तिचा फोटो लावला. आणि तिसऱ्या भागानंतरच्या सोमवारी शाळेचे मुख्याध्यापक स्वतः आले. मुख्याध्यापकांनी गणवेशाची नेहमीची यादी दिली, घसा साफ केला, आणि म्हणाले, "आमच्या घरी शनिवारी सात वाजता कुणी मला हाकसुद्धा मारू देत नाही. अभिनंदन बरं का. तिचे कपडे तुम्ही शिवता की काय?"

"छे छे," मास्तर म्हणाले. "तोच शिवतो."

"तरीच. मला वाटलं, तुम्ही शिवत असाल तर काय बहार येईल!"

ते गेल्यावर मास्तर मशीनवर हात ठेवून बसून राहिले. ज्यांच्यासाठी शब्द घेतला होता ते हे असं बोलून गेले. आता त्या शब्दाचं करायचं काय? तो परत घेता येण्यासारखा होता का? कुणाकडून? कसल्या भीतीने आपण आपल्याच पोराच्या तोंडाला टाके घातले, या विचाराने त्यांचं मन त्यांना खायला उठलं.

शुक्रवारी त्यांना राहवेना. टिल्ल्या आरशासमोर बसून दाढी करत होता.

"टिल्ल्या, त्या कोटात माझी एक चूक झालीय."

वस्तरा थांबला.

"काजं. मी पुरुषाची केली. तू गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं मला. फोन केला होता मी तिथे." शेजारी म्हणून केला, हे त्यांनी सांगितलं नाही. "तुझ्या लक्षात आलं होतं का? बदललीस का तू? तिथे काय झालं? मला नुसतं हो-नाही सांग."

टिल्ल्याने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मास्तरांना चाललं असतं.

"अण्णा, सही केलीय मी. उद्या बघू या ना."

शनिवारी सात वाजता तिघं बसले. मास्तरीणबाई मधे, टिल्ल्या एका बाजूला पाय वर घेऊन. मास्तर खुर्चीच्या काठावर.

झुंबर कोट घालून आली. टीव्हीवर टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला. काही झगमग नव्हती, विनोद नव्हता, मोठ्या घरची एक दमलेली, देखणी बाई तेवढी चालत येत होती आणि तिच्या खांद्यावरून प्रकाश घसरत खाली जात होता. "अगं बाई," मास्तरीणबाई म्हणाल्या. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती बाई नव्हती. ते बटणं बघत होते. बावीसच्या बावीस तशीच होती, डावी बाजू उजवीवर.

परीक्षकांत एक म्हातारी बाई होती. नाटकांचे कपडे करण्यात तिचा जन्म गेला होता. ती उठून झुंबरजवळ आली, खांद्यावर तळहात ठेवला, बाहीच्या आत दोन बोटं घालून अस्तर चाचपलं.

"असा खांदा," ती बाकीच्यांना म्हणाली, "मी तीस वर्षांत पाहिला नाही. ही काजं हाताची आहेत. बघा, एकेक टाका मोजून घातलाय." मग तिने चष्मा वर केला. "आणि चुकीच्या बाजूला आहेत. हा पुरुषाचा कोट आहे. हुबेहूब बाई दिसायची फेरी आहे, आणि बाई पुरुषाची बटणं लावून आलीय. कागदावर तू लिहिलंयस, स्वतः शिवला. खरं?"

झुंबरने पहिल्यांदाच खाली, स्वतःच्या छातीकडे पाहिलं. तेव्हाच तिला कळलं, हे टीव्हीवर स्पष्ट दिसलं. तिचा हात पहिल्या बटणापाशी गेला आणि तिथेच राहिला.

आणि जाहिराती लागल्या.

कुणी तरी हसत हसत फरशी पुसत होतं. मग एक गाडी डोंगरावर चढली. मास्तरांनी टिल्ल्याकडे पाहिलं. तो नखं बघत होता. मास्तरीणबाईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळा उलगडा झाला असावा. साबणाची जाहिरात दोनदा लागली.

परत म्हातारी आली.

"मी," झुंबर म्हणत होती. "मी शिवला."

"पोरी, मी या धंद्यात म्हातारी झाले. हा हात तुझ्या वयाचा नाही. हा चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवलेला हात आहे, त्याने आयुष्यात पहिल्यांदा बाईचं काही शिवलंय, आणि जीव ओतून शिवलंय. ही चूक असल्याच माणसाची होते." तिचा आवाज मऊ झाला. "कागदावरचं नाव बदलता येतं. आत्ता, इथे सांगितलंस तरी नियमात बसतं. चूक त्याच्या नावावर जाईल, तू राहशील. नाही सांगितलंस, तर आज तुलाच घरी जावं लागेल. कुणी शिवला?"

कॅमेरा झुंबरच्या चेहऱ्याजवळ गेला. रंगाच्या थराखाली टिल्ल्याचा गाल उडत होता. लहानपणी मार खायच्या आधी उडायचा तसा.

मास्तर उभे राहिले. कधी राहिले त्यांचं त्यांना कळलं नाही.

"सांग," ते म्हणाले.

झुंबरने ओठ मिटले.

"अरे सांग ना! सांग, बापाने शिवला! माझा बाप टेलर आहे म्हणावं, त्याला अक्कल नाही म्हणावं! नाव सांग माझं, दुकान सांग! टिल्ल्या! मी सांगतोय ना तुला, सांग!" ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे होते, त्यांच्या अंगाआड मास्तरीणबाईंना काही दिसत नव्हतं. त्यांनी काचेवर हात मारला. "माझा शब्द मी परत घेतला! घेतला परत! बोल!"

"मीच शिवला," झुंबर म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात नाही लागला त्याला."

म्हातारीने मान हलवली आणि ती आपल्या खुर्चीकडे गेली.

"बोल रे!" मास्तरांचा आवाज फाटला. "अजून बोल! अजून ती बसली नाही!"

टिल्ल्या उठून त्यांच्या मागे आला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "हे चार महिन्यांपूर्वीच होऊन गेलंय."